दुबईच्या फ्लॅटचा विसार

पेठच्या माळावर सोपानरावांच्या बांधाला चिंचेची जुनी ओळ होती. सत्तारभाई बागवान तिथे पोचले की आधी झाडाकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. गळून पडलेल्या कोवळ्या शेंगा कुठल्या अंगाला जास्त आहेत, मुंग्या कुठून चढतात, मुळाशी ओल किती राहिली आहे, हे बघून झालं की मग मान वर जाई. मोईज, त्यांचा थोरला, दोन पावलं मागे चालत होता. त्यालाही हे सगळं येत होतं, पण बापाचं बघून होईपर्यंत तो तोंड उघडत नसे. धाकटा अमन रजेवर शारजाहून आलेला. तो शेवटच्या झाडाखाली उभा राहून फोनवर हळू आवाजात बोलत होता.

"यंदा गळ कमी हाय, सत्तारभाई," सोपानराव म्हणाले.

"गळ कमी, पर बी मोठं पडणार. गर पातळ निघंल."

"घ्या. शेंग अजून बोटाएवढी न्हाई, अन् यांना गर दिसतोय."

पुढचं बोलणं दरवर्षीसारखंच झालं. सोपानरावांनी वाटेल तो आकडा सांगितला, सत्तारभाई गाडीकडे निघाले, सोपानरावांच्या बायकोने, बयाबाईंनी, चहा आणून त्यांना थांबवलं, आणि कप रिकामे होईपर्यंत दोघे एका आकड्यावर आले. सत्तारभाईंनी विसाराच्या नोटा सोपानरावांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी त्या कपाळाला लावून बायकोकडे दिल्या, आणि तिने सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्या क्षणापासून झाडं बागवानांची झाली. बयाबाईंनी लगेच विचारलंही, "आता तुमच्या झाडाच्या चार शेंगा घेऊ का आमटीला?"

"घ्या की, वहिनी. मोजून घ्या म्हंजे झालं."

त्या हसल्या. हा विनोदही दरवर्षीचाच होता.

अमन फोन खिशात टाकत जवळ आला. "अब्बा, आत्ता तुम्ही काय विकत घेतलं?"

"चिंच."

"चिंच कुठंय? ती निघणार फाल्गुनात. आत्ता नुसती हिरवी शेंग आहे. वारा, पाऊस, वानरं, सगळं मध्ये आहे. तरी घेतली, कारण आत्ता स्वस्त मिळते. मग मी दुसरं काय म्हणतोय? इमारत उभी राहायच्या आधी फ्लॅट घेतला तर स्वस्त, उभी राहिली की महाग. आपला धंदाच आहे हा."

सत्तारभाईंना मनातून बरं वाटलं. पोराला बोलता येत होतं. दुबईच्या त्या फ्लॅटचं बोलणं घरात आठवडाभर चालू होतं, आणि इतका सरळ मुद्दा तोपर्यंत कुणी मांडला नव्हता. त्यांचे वडील दगडूभाई म्हणत, फुलावर सौदा करायचा नाही, धर्मातही तसंच सांगितलंय. शेंग डोळ्यांना दिसली पाहिजे. सत्तारभाईंनी तो नियम कधी मोडला नव्हता. पण शेंग आणि चिंच यांच्यातलं अंतर मात्र त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या जिवावर ओलांडलं होतं.

"तिथं शेंग दिसली का?" त्यांनी विचारलं.

"पाया खणलाय."

"म्हंजे फूल," मोईज म्हणाला.

"म्हैस पाण्यात अन् मोल बाहेर," बयाबाई पाठमोऱ्या पुटपुटल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

*

परत येताना मोईजने न विचारता गाडी हमरस्त्याच्या कडेला, त्यांच्या प्लॉटपाशी थांबवली.

दगडूभाईंनी बैलगाड्या सोडायला म्हणून घेतलेला हा तुकडा आता रस्ता रुंद झाल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांत भरत होता. चाकणचा एक हॉटेलवाला रोख देऊन घ्यायला तयार होता. अमनचं गणित त्याच्यावर उभं होतं. प्लॉट विकायचा, त्यातून दुबईच्या फ्लॅटचे पहिले हप्ते भरायचे, उरलेले त्याच्या पगारातून.

मोईजचं गणितही त्याच जमिनीवर उभं होतं. पावसाळा लागला की फोडलेली चिंच काळी पडते. आंबटपणा जात नाही, रंग जातो, आणि बाजार पैसे रंगाला देतो. बागवानांचा माल मंचरकडच्या एका भाड्याच्या शीतगृहात राहायचा. पण बेण्याचा बटाटा आला की तिथला मालक चिंचेची पोती बाहेर काढायचा, कारण बटाटेवाले जास्त देत. दोन पावसाळे मोईजने काळा माल मिळेल त्या भावाने विकला होता. ह्या प्लॉटवर स्वतःचं शीतगृह बांधायचं त्याने ठरवलं होतं. बँकेचं कर्जही मंजूर होत आलं होतं, तारण हाच प्लॉट होता. तो विकला की विषय कायमचा संपणार होता. रस्त्याकडेला अशी जमीन त्यांना पुन्हा परवडणार नव्हती.

हे सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे तो पुन्हा बोलला नाही. पायाने गवत बाजूला करत त्याने फक्त सांगितलं, दार रस्त्याकडे, खोल्या मागे, यंत्रं पश्चिमेला.

"पश्चिमेला नको," अमन म्हणाला. "दुपारचं ऊन यंत्रावर येईल, वीज जास्त खाईल. उत्तरेला घे."

मोईजने त्याच्याकडे पाहिलं. हा पोरगा नऊ वर्षं तिकडे मोठमोठ्या इमारतींच्या एसीची देखभाल करत होता. त्याचं बरोबर होतं.

"तू विकायला आलायस का बांधायला?" मोईजने विचारलं.

अमन हसला नाही. "विकायलाच. पण चुकीचं दिसलं तर तोंड गप्प बसत नाही."

*

जुन्नरला पोचले तेव्हा जेवणं खोळंबली होती. मोईजच्या बायकोने, रुक्सानाने, भाकरी गरम केल्या आणि पुरुषांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घेतला. मोईजचा जबडा घट्ट होता. सासऱ्यांचा चेहरा मात्र मोकळा होता, आणि तिला काळजी त्याचीच वाटली. सत्तारभाई वाद घालत असले तर बरं असे. ते शांत झाले की त्यांचं कुठेतरी ठरत आलेलं असे.

सासूबाई, दिलशाद, पहिल्या दिवसापासून अमनच्या बाजूने होत्या. त्याला कारण होतं. मुलगा नऊ वर्षं एका खोलीत पाचजणांबरोबर राहत होता. लग्नाची तीन स्थळं त्याच एका प्रश्नावर मोडली, मुलगी तिकडे आली तर राहणार कुठे? दिलशादच्या मते शीतगृह पोत्यांसाठी होतं आणि फ्लॅट माणसासाठी, त्यामुळे तुलनाच नको.

रुक्सानाने मंचरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं, आणि लग्नानंतर बागवानांच्या मालातली ओल मोजायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. एखादी गोष्ट बरी आहे की वाईट असं तिला कुणी विचारलं तर तिला उत्तर सुचत नसे. ती कधी बिघडेल असं विचारलं तर सुचे. आठवडाभर तिने अमनने आणलेली पुस्तिका आणि कराराचा मसुदा वाचला होता. जेवण उरकल्यावर सत्तारभाईंनीच तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं, रुक्साना?"

ती म्हणाली की तिकडचे कायदे वाईट नाहीत. प्रकल्पाची सरकारात नोंद असते, ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, बिल्डरने उचलून पळावं अशी सोय नाही. अमनचा चेहरा उजळला. मग तिने पुढचं सांगितलं. हप्ते दिरहममध्ये आहेत आणि प्लॉटचे पैसे रुपयात; रुपया उतरला की तोच हप्ता वाढणार. बरीच रक्कम भरून होईपर्यंत फ्लॅट दुसऱ्याला विकता येत नाही. त्याच भागात तसल्याच इमारती एकाच वर्षी पुऱ्या होणार आहेत.

"अन् सगळ्यांची चिंच एकाच आठवड्यात बाजारात आली की काय होतं, ते मी अब्बांना सांगायला नको."

"भाभी, माणसं वाढतायत तिथं. भाव कमी होणार नाही."

"होईल किंवा नाही होणार. मला माहीत नाही, अमनभाई, आणि तुम्हालाही नाही. त्याची मला एवढी भीती वाटत नाही. मला भीती एकाच कलमाची वाटते." तिने मसुद्याचं पान त्याच्यापुढे सरकवलं. "आपण चिंचेला पैसे कसे देतो? विसार आज. दुसरा हप्ता शेंग भरल्यावर. शेवटचा झोडणीच्या दिवशी. झाड जसं पुढं सरकतं तसे पैसे सरकतात. अन् मधल्या काळात आपला माणूस झाडाखाली झोपतो. इथं हप्ते तारखेवर आहेत. मजला चढला काय न् नाही चढला काय, पहिल्या तारखेला पैसे जाणार."

अमन ते कलम पुन्हा वाचत गेला.

"म्हणजे पाऊस पडो न पडो, शेंग भरली असं धरायचं," मोईज म्हणाला.

सत्तारभाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा गेला होता. दिलशादही पान हातात घेऊन बघत होती. तिला त्यातलं वाचता येत नव्हतं, पण सुनेचं बोलणं तिला पटलेलं दिसत होतं. तिने ते कबूल केलं नाही, फक्त अमनकडे बघणं टाळलं.

*

अमनला तेव्हा कळलं की आता सांगावंच लागणार.

तो दिवस त्याला नीट आठवत होता. विक्रीच्या मोठ्या दालनात काचेखाली त्या टॉवरची प्रतिकृती ठेवलेली होती, खिडक्याखिडक्यांत तांदळाएवढे दिवे. नऊ वर्षं तो अशा घरांमध्ये शिरला होता ते बुटांवर निळ्या पिशव्या चढवून, हत्यारांची पेटी बाहेर ठेवून, मालकिणीने दाखवलेल्या खोलीपुरता. त्या दिवशी एका मुलीने त्याला सर म्हणून खुर्ची दिली आणि चौदाव्या मजल्यावर त्याच्या नावाची लाल टिकली लावली. त्याने कार्ड पुढे केलं.

"अब्बा, मी टोकन भरलंय," तो म्हणाला. "येण्याआधीच. माझ्या पैशांतून."

मोईज ताडकन उठला. "मग आठवडाभर आम्हाला काय विचारतोयस?"

"फ्लॅट नक्की घेतोय का, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. नाहीतर भाव जातो."

त्याची अपेक्षा होती की अब्बा रागावतील. सत्तारभाई रागावले नाहीत. त्यांनी भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली आणि डोक्यावरची टोपी नीट बसवली.

"मग बोलायचं काय राह्यलं?" ते म्हणाले. "विसार गेलाय. फ्लॅट आपला. मोईज, चाकणवाल्याला फोन लाव."

अमनला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला तसं काही वाटलं नाही. त्याने भावाकडे पाहिलं. मोईज पुन्हा खाली बसला होता, आणि पायाखालची जमीन कुणीतरी मोजून घेऊन गेल्यासारखा दिसत होता.

"अब्बा, ते टोकन आहे," मोईज म्हणाला. "विसार नाही. अशी शेकडो माणसं भरतात न् सोडून देतात. तिथं कुणाला काय वाटत नाही."

"त्यांना न्हाई वाटत. आपल्याला वाटतं. दगडू बागवानाच्या घरातून विसार गेला अन् झाड सोडलं, असं कधी झालंय? वादळात सोपानच्या निम्म्या फांद्या मोडल्या त्या साली काय केलं आपण? पुरे पैसे दिले. त्यानं मागितले बी नव्हते."

ते खरं होतं. त्या वर्षीची गोष्ट जुन्नर-आंबेगावच्या बांधाबांधावर माहीत होती, आणि आजही बागवानांना इतरांपेक्षा आधी झाडं दाखवली जात ती त्याच गोष्टीमुळे. तिच्याविरुद्ध बोलणं मोईजला जमेना. रुक्सानाने वाचलेल्या मसुद्यातही त्यावर उत्तर नव्हतं. नको असलेला फ्लॅट घ्यायला सगळं घर निघालं होतं, आणि तेही अब्रूसाठी.

बोलली ती दिलशाद.

"त्याच साली आळेफाट्याचा व्यापारी सोपानकडं आला व्हता," ती म्हणाली. "वादळाच्या आधी. आपल्यापेक्षा जास्त देत व्हता."

"आला व्हता. मग?"

"सोपाननं दिली झाडं?"

"कशी देईल? विसार घेतला व्हता त्यानं."

"तेच विचारतेय मी." दिलशाद अमनकडे वळली. "तू दिलेस ते समजलं. त्यानं घेतले तेव्हा तो बांधला गेला का? तुझ्या चौदाव्या मजल्यावर उद्या कुणी जास्त पैसे घेऊन आला तर तो माणूस काय म्हणंल?"

अमनला ते माहीत नव्हतं. लाल टिकली लावल्यावर हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

"विचारा ना," रुक्साना म्हणाली. "आत्ता. सगळ्यांसमोर."

एजंटने पहिल्याच घंटीला फोन उचलला. अमन हिंदीत विचारत गेला आणि मिळालेलं उत्तर दर वेळी घरच्यांना मराठीत सांगत गेला. त्याचा आवाज हळूहळू सपाट होत गेला. चौदाव्या मजल्यावरचा तोच फ्लॅट मिळेल असं नक्की नाही, तसलाच दुसरा मिळेल. क्षेत्रफळ थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. ताब्याची तारीख अंदाजे आहे. भाव पक्का होतो तो पहिला मोठा हप्ता जमा झाल्यावर. तोपर्यंत कंपनीला बदलता येतो. टोकन म्हणजे फक्त रांगेत पुढचा नंबर.

"अन् आपण सोडलं तर?" सत्तारभाईंनी विचारलं.

"टोकन परत नाही."

सत्तारभाई इतका वेळ तसबीह ओढत होते. मोईजने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. आता ती मण्यांवर थांबली होती.

"म्हंजे मी बांधलेला अन् तो मोकळा," ते अखेर म्हणाले. "हा विसार न्हाई. हे जत्रंतल्या पाळण्याचं तिकीट झालं. बसला तर बसला, न्हाई तर पैसे गेले. त्यात अब्रू कुठनं आली?" मग त्यांनी अमनकडे बघून जरा खालच्या आवाजात म्हटलं, "तू आपल्या रीतीनं दिलेस, चुकला न्हाईस. समोरच्याला ती रीत म्हाईत नव्हती. आता नको म्हणून तूच सांग. ज्यानं दिला त्यानंच सांगायचं असतं."

अमनने फोन कानाला लावला आणि सांगितलं. पलीकडून झरझर बोलणं आलं. तो ऐकत राहिला, आणि मध्येच त्याचे खांदे हलायला लागले. दिलशादला आधी वाटलं तो रडतोय.

"काय म्हणतो?" मोईजने विचारलं.

अमनने फोनवर हात ठेवला. "भाव कमी करतोय. अन् वर सगळ्या खोल्यांत एसी फुकट देतोय. मला."

मोईज आधी हसला, मग रुक्साना, आणि मग सत्तारभाईंचा तो खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला. अमनने हसतच नकार पुन्हा सांगितला आणि फोन बंद केला. आपले नऊ महिने साठवलेले पैसे त्या टिकलीबरोबर गेले हे त्याला कळत होतं, आणि तरी खूप दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

दिलशाद मात्र हसली नव्हती.

"पोराला घर पाहिजे, ते राह्यलंच," ती म्हणाली. "ते काय फोनबरोबर बंद झालं न्हाई."

"न्हाई," सत्तारभाई म्हणाले. "प्लॉट विकायचा न्हाई. मोईज, दिवाळीनंतर पाया खण, पुढच्या पावसाळ्याला आपला माल आपल्या छपराखाली पाहिजे." मोईजने नुसती मान हलवली. एवढ्या वर्षांनी होकार मिळाला होता. "अन् अमन, तू दुसरी इमारत शोध. लहान असू दे. मजले चढलेले दिसले पाहिजेत अन् पुढचे हप्ते मजल्यावर पाहिजेत. तुझ्या पगारात बसंल तेवढं तू भर, राहिलेलं चिंचेच्या दर हंगामातून आमी घालू."

"मिळतात तशी," अमन म्हणाला. "निम्मी बांधून झालेली. थोडी महाग पडतात."

"पडू दे. शेंगेचा भाव फुलापेक्षा जास्तच असतो."

"मी आधी व्हिडिओ पाठवीन. सगळे बघा, मग ठरवू."

सत्तारभाईंनी नाही म्हणून हात हलवला. ते उठले, खिडकीपाशी गेले, आणि बाहेर बघत, पाठमोरेच, त्यांनी सुनेला विचारलं, "रुक्साना, पासपोर्टला काय काय लागतं?"

रुक्साना उत्तर देण्याआधी दिलशादने पदर सावरला.

"दोन अर्ज भर," ती म्हणाली.